रस्ता ‘गरजेचा नाही’ म्हणून रद्द करायला निघाले तर काय करायचं, आणि त्याच्या आधी काय करायचं

आमच्या वस्तीचा रस्ता सीनेच्या अंगानं जातो, सव्वा किलोमीटरचा, सगळा काळ्या रानातनं. काळं रान म्हणजे काय ते सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात गुडघाभर चिखल. दोन वर्षांमागं मी उताऱ्याच्या कामाला गेलो होतो तर फळ्यावर एक जाहीर नोटीस डकवलेली दिसली. सरकारी भाषा होती, पण अर्थ एवढाच की हा रस्ता लोकांना लागत नाही, म्हणून त्यावरचा सगळ्यांचा हक्क संपवायचं चाललंय. ज्या रस्त्यानं आईला रात्री दवाखान्यात नेलं, बहिणीची पाठवणी केली, दर वर्षी उसाच्या ट्रॉल्या काढतो, तो रस्ता लागत नाही म्हणे.

तेव्हा मला कायद्यातलं काहीच कळत नव्हतं. पुढचं दीड वर्ष हेलपाटे घालून जे कळलं ते इथं लिहितोय, कारण अशी नोटीस उद्या तुमच्या गावात लागली तर तुमचे पहिले दोन महिने शोधण्यात जाऊ नयेत. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, आमच्या रस्त्यावर आठ-नऊ वर्षांत एक टोपलं मुरूम पडला नव्हता, म्हणून पावसाळ्यात गाड्या दुसरीकडून वळायच्या, आणि मग गाड्या वळतायत हेच कारण दाखवून रस्ता रद्द करायचा प्रस्ताव आला. दुरुस्ती न होणं आणि रद्द होणं हे एकाच दोरीची दोन टोकं आहेत. त्यामुळं नुसती हरकत कशी घ्यायची एवढं सांगून भागत नाही, दुरुस्ती मागितल्याचा कागद आधीपासून तुमच्याकडं पाहिजे.

सगळ्यात आधी रस्ता कुणाचा आहे ते काढा. ढोबळ हिशोब असा की राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा म्हणतात ते) सार्वजनिक बांधकाम खात्याकडं, इतर जिल्हा मार्ग म्हणजे इजिमा आणि ग्रामीण मार्ग म्हणजे ग्रामा हे जिल्हा परिषदेकडं. १९६१ च्या जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायद्यानं ते काम जिल्हा परिषदेवर टाकलंय. गावठाणातल्या गल्ल्या आणि गावातले रस्ते ग्रामपंचायतीकडं, १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणं. ग्रामपंचायतीत नमुना २३ नावाची रस्त्यांची नोंदवही असते, त्यात तुमचा रस्ता आहे का बघा. नसेल तर झेडपीच्या बांधकाम उपविभागात जाऊन रस्त्याला नंबर आहे का विचारा. ह्या नंबरला लई महत्त्व आहे, नंबर नसला की जेई साहेब (कनिष्ठ अभियंता) गोड बोलून चहा पाजतो आणि अर्ज तिथंच राहतो, कारण नंबर नसलेल्या रस्त्याला निधी कुठल्या हेडमधनं टाकायचा हा त्याच्यापुढं खरोखर प्रश्न असतो. नंबर नसेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन रस्ता ग्रामीण मार्गात घ्यायची मागणी करा, वेळ लागतो पण त्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहतं.

मग नकाशा. तालुक्याला भूमी अभिलेखचं उपअधीक्षक कार्यालय असतं, तिथनं गावनकाशाची आणि आपल्या गटाच्या नकाशाची नक्कल काढा. एकत्रीकरण झालेल्या (जमिनीचे तुकडे जोडून गट पाडलेल्या) गावात जुना सर्व्हे नंबरचा नकाशा पण मागा, कारण गट पाडताना बऱ्याच वाटा नव्या नकाशात अंधुक झाल्यात आणि जुन्यावर ठळक आहेत. आमचं तसंच झालं. नकाशात तुटक दुहेरी रेषा दिसली की तो गाडी जाणारा रस्ता, तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग. गावाला गाव जोडणारा ग्रामीण रस्ता साधारण साडेतेवीस ते साडेसत्तावीस फूट रुंद धरतात, शेतातला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट, पायवाट सव्वाआठ फूट. आता तुमच्या जागेवर आठ फूटच उरला असेल तर बाकीचा कुणाच्या तरी बांधात गेलाय एवढं समजून घ्या, पण लगेच भांडायला जाऊ नका, त्याचं पुढं सांगतो.

दुरुस्ती मागायची तर तोंडी सांगून काही होत नाही. आम्ही आठ वर्षं सरपंचाला तोंडीच सांगत होतो, आणि सुनावणीत जेव्हा विचारलं की दुरुस्तीची मागणी केली होती का तेव्हा दाखवायला एक चिठ्ठी नव्हती. त्यामुळं आजच अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एकावर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवून पोचपावती जपून ठेवा. अर्जात रस्ता कुठून कुठपर्यंत, लांबी किती, कुठं काय खराब (मोरी खचली, साईडपट्टी गेली, पाणी साचतंय), किती घरं आणि किती शाळेची पोरं त्यावर अवलंबून आहेत हे लिहा. ग्रामपंचायतीकडं वित्त आयोगाचा जो अबंधित निधी येतो त्यातनं छोटं काम होऊ शकतं, बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेचा असतो, त्यातनं रस्ता मागू नका. झेडपीकडं देखभाल-दुरुस्तीसाठी ३०५४ हे लेखाशीर्ष (म्हणजे निधीचं हेड) असतं आणि नवीन रस्त्याच्या कामाला ५०५४. हे दोन आकडे अर्जात टाकले की समोरच्याला कळतं माणूस माहिती काढून आलाय.

शेतातला पाणंद रस्ता असेल तर मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना नोव्हेंबर २०२१ च्या शासन निर्णयानं आली, रोजगार हमीशी जोडून. आणि आधीच कुठल्या योजनेतनं डांबरी झालेला रस्ता उखडला असेल तर थांबा, आधी बोर्ड वाचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना (२००० सालापासनं चालू आहे) आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजना (२०१५) ह्यातल्या रस्त्याची काम झाल्यापासनं ५ वर्षं देखभाल ठेकेदाराच्या अंगावर असते. बोर्डावर काम पूर्ण झाल्याची तारीख असते, तो फोटो काढून ठेवा. कितीतरी ठिकाणी लोक ग्रामपंचायतीच्या नावानं ओरडत बसतात आणि ठेकेदाराची पाच वर्षं तशीच निघून जातात.

अर्जाला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचा स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, महाराष्ट्रात असा नियम आहे. मागायचं काय तर ह्या रस्त्याचा क्रमांक आणि वर्ग, गेल्या ५ वर्षांत त्यावर झालेला खर्च, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची म्हणजे एमबीची प्रत, दोषदायित्व कालावधी (ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्ती करून द्यायची मुदत) कधी संपतो. "रस्ता का करत नाही" असं विचारू नका, त्याला "प्रश्न माहिती या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं आणि महिना वाया जातो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो तिथं पण टोकन घेता येतं.

इथं एक गोष्ट मनापासनं सांगाविशी वाटती. रस्ता मागणं म्हणजे भीक मागणं असं आपल्याकडं लोकांना वाटतं, पुढाऱ्याच्या दारात उभं राहून "बघा की साहेब जरा" असं म्हणायची सवय लागलीय. मुंबई हायकोर्टानं स्पष्ट म्हटलंय की चांगला, खड्डे नसलेला रस्ता हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर खड्ड्यामुळं माणूस गेला तर वारसांना ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख भरपाईचा आदेश दिलाय. आपण हक्काचं मागतोय, मान खाली घालून मागायचं कारण नाही.

आता मूळ विषय, रस्ता रद्द करायचा.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, ह्यातलं पण कलम २१ च आहे, घटनेतल्या कलमाशी घोळ करू नका. त्याच्या आधीचं कलम २० म्हणतं की कुणा खाजगी माणसाच्या मालकीचे नाहीत असे सगळे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा सरकारच्या. आणि कलम २१ म्हणतं की एखादा असा रस्ता लोकांना लागत नाही असं कलेक्टरला दिसलं तर तो राजपत्रात अधिसूचना काढून तसं जाहीर करू शकतो, आणि मग त्या रस्त्यावरचे लोकांचे हक्क संपवायचा प्रस्ताव येतो. हक्क संपले की जमीन सरकारच्या हातात मोकळी होते. आपल्याकडं जिथं जिथं प्लॉटिंग वाढायलंय तिथं मधनं जाणारी जुनी वाट कुणाला तरी नको असते, हे लक्षात ठेवा.

पण कायद्यानं दार आपल्यासाठी पण उघडं ठेवलंय. अधिसूचनेनंतर रस्त्यावर किंवा आसपास जाहीर नोटीस लावावी लागते, रस्त्याची जागा आणि हद्द सांगावी लागते, आणि हरकती मागवाव्या लागतात. हरकतीला ९० दिवस आहेत, ते अधिसूचना निघाल्यापासनं मोजतात, तुम्ही कागद वाचला त्या दिवसापासनं नाही. आम्ही वाचला तेव्हा चाळीस दिवस गेले होते. हरकत कुणीही घेऊ शकतो, जमीन लागून असलीच पाहिजे असं काही नाही, त्या रस्त्यानं जाणारा येणारा साधा माणूस पण चालतो. हरकत लेखीच पाहिजे. आणि हरकत घेणाऱ्याला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, स्वतः किंवा वकिलामार्फत.

हरकत एकच सामुदायिक द्यायची का वेगवेगळ्या? आमच्या वकिलांनी दोन्ही द्यायला लावल्या आणि ते बरोबर ठरलं. एक सगळ्यांच्या सह्यांची, आणि घरटी एकेक, ज्याच्या त्याच्या कारणासकट. दूधवाल्यानं लिहिलं की मी रोज पहाटे ह्या रस्त्यानं संकलनाला कॅन नेतो. एका काकूंनी लिहिलं की माझं दळण, रेशन, देवाला जाणं सगळं ह्या वाटेनं. छापील नमुन्यावर नुसत्या सह्या असल्या की वाचणारा पानं पलटत जातो, काकूंचा कागद साहेबानं थांबून वाचला ते मी डोळ्यानं बघितलंय.

मजकूर साधा ठेवा, असा काहीतरी: "मी खाली सही करणार, राहणार अमुक, तालुका तमुक. दिनांक अमुकच्या अधिसूचनेत दाखवलेला रस्ता मी व माझे कुटुंबीय वहिवाटीने आजपर्यंत वापरत आहोत. माझ्या गट नंबर अमुक मधील शेतात व वस्तीवर जाण्यास वर्षभर चालणारा दुसरा रस्ता नाही. पर्यायी म्हणून दाखवलेला रस्ता इतके किलोमीटर लांबून जातो व पावसाळ्यात ओढ्याला पाणी आल्यावर बंद पडतो. रस्ता खराब झाल्याने वाहने कमी झाली आहेत, त्याची गरज कमी झालेली नाही, दुरुस्तीसाठी अमुक तारखेला अर्ज दिलेला आहे, प्रत जोडली आहे. सबब प्रस्ताव नामंजूर करावा व मला सुनावणीची संधी द्यावी." बस. शिवीगाळ नको, कुणी पैसे खाल्ले वगैरे आरोप नको, पुरावा नसताना तसं लिहिलं की मुद्दा बाजूला पडतो.

पुरावा जमवण्यात कंजुषी करू नका, सगळी ताकद इथं लावा. आमच्याकडं कामाला आल्या त्या गोष्टी सांगतो. कारखान्याच्या ऊस वजनाच्या पावत्या, त्यावर तारीख आणि गाडी नंबर असतो, एका हंगामात किती खेपा झाल्या ते सरळ मोजून दाखवता येतं. डेअरीच्या दूध पावत्या. शाळेच्या मुख्याध्यापकांकडनं वस्तीवरनं येणाऱ्या पोरांची यादी. रस्त्याच्या कडेनं वीज मंडळाचे पोल गेलेत त्याचे फोटो, कारण पोल टाकणाऱ्यांनी रस्ता बघूनच टाकलेत. गूगल अर्थवर जुन्या सालांचे फोटो दिसतात, त्यात रस्त्याची पांढरी रेघ वर्षानुवर्षं दिसती, त्याच्या प्रिंट काढल्या. म्हाताऱ्या माणसांची प्रतिज्ञापत्रं, एकानं तर लहानपणी ह्याच वाटेनं बैलगाडीतनं पंढरीच्या वारीला गेल्याचं सांगितलं. मोबाईलवर तारीख आणि लोकेशन येणारा कॅमेरा ॲप टाकून तीनही ऋतूत फोटो काढा. आणि एक जुना कागद लोकांना माहीत नसतो, वाजिब-उल-अर्ज, संहितेच्या कलम १६५ खाली गावातल्या वहिवाटी, वाटेचे, पाण्याचे हक्क नोंदवायचं रजिस्टर. तुमच्या गावाचं झालेलं असलं आणि त्यात ही वाट असली तर त्याच्यासारखा पुरावा नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हाचं सांगतो. माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर सोलापूर सगळीकडं नदीकाठ पाण्याखाली गेला. पर्यायी म्हणून जो डांबरी रस्ता दाखवला होता त्याचा पूल पाण्यात, आणि आमच्या वस्तीवरची माणसं, जनावरं ह्या टाकून दिलेल्या, उंचावरच्या मातीच्या रस्त्यानं बाहेर निघाली. चिखलातनं ट्रॅक्टरला दोर लावून काढली पण निघाली. ते व्हिडिओ पुढच्या तारखेला आम्ही पेनड्राईव्हमध्ये दिले. एक रस्ता जास्तीचा असणं म्हणजे काय असतं ते त्या रात्री कळलं, आणि कागदावर "गरज नाही" लिहिणाऱ्यानं एकदा तरी तसल्या रात्री तिथं उभं राहावं असं मला अजून वाटतं.

ह्या सगळ्याबरोबर ग्रामसभेचा ठराव पण घ्या. वर्षातनं किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. विषय आधी लेखी द्या म्हणजे "ऐनवेळचा विषय" म्हणून टाळता येत नाही, आणि ठरावात रस्ता रद्द करायला विरोध आणि दुरुस्तीची मागणी दोन्ही एकत्र लिहून घ्या. बायाबापड्यांना घेऊन जा, आमच्या ग्रामसभेत बायका उठून बोलल्या म्हणून ठराव झाला.

सुनावणीला वेळेवर जा, हजेरी रोजनाम्यावर (तारखेला काय झालं ते लिहितात त्या कागदावर) घ्या, आणि स्थळपाहणीची मागणी लेखी करा. स्थळपाहणीला तलाठी, मंडळ अधिकारी आले की सगळी वस्ती तिथं हजर पाहिजे आणि पंचनामा सही करायच्या आधी पूर्ण वाचा, "रस्ता पडीक" असा शब्द असला तर तिथंच "खराब, परंतु वापरात" करून घ्या. आदेश विरोधात गेला तर प्रमाणित नक्कल त्याच दिवशी मागा आणि वकिलाकडं जा, वर दाद मागायच्या मुदती लगेच सुरू होतात.

बऱ्याच जणांची अडचण मात्र वेगळी असते, नोटीस वगैरे काही नाही, शेजाऱ्यानं एका रात्रीत रस्ता नांगरला किंवा चर मारली. तिथं कलम २१ चा काही संबंध नाही. त्याला मामलेदार न्यायालय कायदा १९०६, कलम ५, अर्ज तहसीलदाराकडं, आणि अडवल्यापासनं ६ महिन्यांच्या आत. सहा महिने "गावात मिटवू" म्हणण्यात जातात आणि मग हात चोळत बसावं लागतं, त्यामुळं मिटवायचं तर मिटवा पण अर्ज आधी टाका. आणि मुळात वाटच नाही, नव्यानं बांधावरनं पाहिजे, तर संहितेचं कलम १४३. त्यात तहसीलदार शेतकऱ्याची गरज बघून बांधावरनं वाट देऊ शकतो, तो निकाल पटला नाही तर अपील किंवा एक वर्षाच्या आत दिवाणी दावा, दावा टाकला की मग अपील चालत नाही. रस्ता ग्रामपंचायतीच्या ताब्यातला असून त्यावर अतिक्रमण झालं असेल तर ग्रामपंचायत कायद्याचं कलम ५३, तिथं काढायचा अधिकार पंचायतीला आहे. कुठला अर्ज कुठं हे चुकलं की वर्ष जातं, माझ्या चुलत्याचं असंच १४३ खाली टाकलेलं प्रकरण सहा महिने उलटल्यावर फेटाळलं आणि तोवर मामलेदार कायद्याच्या कलम ५ ची मुदत गेलेली.

सोलापूर शहरातल्यांसाठी थोडक्यात, महापालिका हद्दीत वरचा ग्रामपंचायतीचा भाग लागू नाही, तिथं १९४९ चा महापालिका कायदा, रस्ते बांधणं आणि सांभाळणं हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे (कलम ६३). हद्दवाढ भागात रस्ता नक्की कुणाकडं आहे ते आधी विचारा, तिथं जुन्या ग्रामपंचायतीच्या नोंदी अजून कामाला येतात.

आमचा प्रस्ताव शेवटी नामंजूर झाला. पेढे वाटले, पण वकिलांनी दुसऱ्याच दिवशी बोलावून सांगितलं की आता गप्प बसलात तर पाच वर्षांनी हीच फाईल परत येईल. म्हणून मग आम्ही सरकारी मोजणीचे पैसे वर्गणी काढून भरले, हद्दीचे दगड रोवून घेतले, तहसीलदारांकडं अर्ज दिला की लागून असलेल्या गटांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात ह्या रस्त्याची नोंद घ्या (२०२५ मध्ये शेतरस्त्यांसाठी तसा शासन निर्णय आलाय, रुंदी पण ३ ते ४ मीटर ठेवायची म्हणतो), आणि नामंजुरीच्या आदेशाची प्रत जोडून ३०५४ मधनं दुरुस्तीचा नवा अर्ज टाकला. मागच्या महिन्यात जेई येऊन टेप लावून गेलाय, अंदाजपत्रक अजून आलेलं नाही. मी दर सोमवारी उपविभागात जाऊन आवक नंबर सांगून विचारतो, आणि विचारल्याची तारीख वहीत लिहून ठेवतो.